हिरानं सोडलेली गोळी

चांद्रतळावर नवं पाणी येत नसे. श्वासातली वाफ, अंगाचा घाम, लघवी, सारं जलचक्रयंत्रात जाई आणि नितळ होऊन पेल्यात परते. चांद्रगाडी हाकणाऱ्या हिरा वळवीनं त्यावर ओवीच रचली होती:

पाणी फिरे गोल गोल, माझ्या चंद्राच्या घरात
काल डोळ्यांतून गेलं, आज आलं घागरीत

उद्या तिला गाडी घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघायचं होतं. लहानपणापासून येणाऱ्या अपस्माराच्या फिट्स रोजच्या गोळीनं थांबल्या होत्या, म्हणून तर तिची निवड झाली. पण गोळीनं डोळे जड होतात, या भीतीनं तिनं ती गुपचूप सोडली होती. नवल असं, की फिट आली नाही आणि डोळ्यांचं जडपणही गेलं नाही.

डॉ. निशिगंधा कोरगावकरांच्या प्रयोगशाळेत सगळ्यांची तपासणी चालली होती. सगळेच पेंगुळलेले. जलयंत्र सांभाळणारे गजेंद्र लोणारे वयानं मोठे, ते तर भिंत धरून चालत. निशिगंधाताईंनी सर्वांचं रक्त पाहिलं, मग पिण्याचं पाणी पाहिलं, आणि हिराला जवळ बसवून विचारलं, "हिरे, गोळी घेतेस ना?"

हिराची मान खाली गेली. "सोडली, ताई. बरी झालेय मी."

रागावतील असं वाटलं होतं. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बरी नाहीस गं. तू औषध सोडलंस, त्यानं तुला सोडलं नाही. शरीर हे औषध मोडत नाही. मूत्रपिंडं ते जसंच्या तसं बाहेर टाकतात. आपल्या गाळणीला ते सापडत नाही. तू आजवर घेतलेली गोळी न् गोळी याच पाण्यात फिरतेय. तुझ्याच ओवीनं सुचवलं मला."

"म्हणजे आम्ही हिचं उष्टं औषध पितोय?" गजेंद्र म्हणाले. "तरीच मांडीतली जुनी कळ गेली. मला वाटलं, चंद्र मानवला."

"हे औषध नसांची कळही शमवतं. कळ गेली, पण तोल गेला ना, गजूभाऊ? वयानं मूत्रपिंडं मंदावतात, औषध अंगात साचतं. एकाचं औषध दुसऱ्यानं घ्यायचं नसतं, ते याचसाठी."

गजेंद्र उठलेच. औषधही पकडेल अशी नवी गाळणी साठ्यात होती. सकाळपर्यंत पाणी कोरं करून देतो म्हणाले. ताईंनी त्यांना थांबवलं. हे औषध एकाएकी तोडायचं नसतं, उतरवत न्यायचं असतं.

हिरानं हातातला पेला खाली ठेवला. "ताई, गाडीच्या टाकीत पृथ्वीवरून येतानाच भरलेलं सीलबंद पाणी आहे. अगदी कोरं."

ध्रुवाच्या उतारावर, सुकाणू हातात असताना काय झालं असतं, ते तिघांनाही दिसलं.

मोहीम लांबली. ताईंनी हिराची गोळी पुन्हा सुरू केली, पाण्यातलं औषध हिशेबात धरून. नवी गाळणीही त्यांनी अशी हळूहळू उघडवली, जशी आई निजल्या लेकराखालून हात काढून घेते. गजेंद्रांची कळ परतली, पाय मात्र स्थिरावले. हिराचे डोळे हलके झाले, तेव्हाच ताईंनी तिला निघायची परवानगी दिली.

ध्रुवाच्या वाटेवर गजर वाजला. हिरानं गाडी थांबवली, गोळी जिभेवर ठेवली आणि वर कोरं पाणी प्यायली. आता विसरली, तर पाणी तिच्यासाठी लक्षात ठेवणार नव्हतं.