पूर्णाचं खातं

अमरावतीत साईनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत वर्षाली आणि गोपाल राहायचे. दोघांचंही काम घरूनच. ती हिंदीतली माहितीपत्रकं मराठीत आणायची, तो लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. फ्रीलान्स कामाच्या एका साइटवर दोघांची वेगवेगळी खाती होती आणि ती सांभाळायला गोपालने एआय मदतनीस घेतला होता. सकाळी चहा घेताना वर्षाली त्याला विचारायची, "आज काय आलं?" तो दोन्ही खात्यांवरचे निरोप सांगायचा, उत्तरं तयार करून ठेवायचा. ती वाचायची, एखादा शब्द बदलायची आणि पाठवून द्यायची.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मदतनिसाने लिहिलं, "तिन्ही खात्यांवर निरोप आहेत. वर्षाली, गोपाल आणि पूर्णा."

वर्षालीने कप खाली ठेवला, तो बशीच्या बाहेर.

हे नाव त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ते अकोटला राहायचे. ती बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती. अकोटहून अकोल्याला जाताना एसटी पूर्णेच्या पुलावर आली, तेव्हा गोपाल तिच्या कानाशी म्हणाला होता, "पोरगी झाली तर पूर्णा." अकोल्याच्या दवाखान्यात पोरगीच झाली. पण ती रडली नाही. नाव कुठे लिहायची वेळच आली नाही, आणि पुढे दोघांनीही ते कधी तोंडातून काढलं नाही. असती तर आता शाळेत जात असती.

वर्षाली आतल्या खोलीत गेली.

"काहून केलं असं? तिच्या नावानं कामं घेऊन राहिला तू?"

गोपालने रंगवता रंगवता मान वर केली. "मी नाही केलं." मग जरा थांबून म्हणाला, "दिवाळीपासून यादीत पाहून राहिलो ते नाव. मले वाटलं, तूच जोडलं. तुले त्यानं बरं वाटत असन, म्हनून बोललो नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कोण खोटं बोलतंय हे इतक्या वर्षांनी सहज कळलं असतं. कुणीच खोटं बोलत नव्हतं.

त्या खात्यावर कामाचं एवढंच वर्णन होतं: लहान मुलांचे धडे वाचून देणं. हे खातं कोणी जोडलं, असं वर्षालीने मदतनिसाला विचारलं. गोपाल तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभा होता.

"पूर्णाचं खातं सर्वांत आधीचं आहे. तुमची दोन्ही खाती तिने जोडली."

"यंत्र हाय, चुकते," गोपाल म्हणाला. पण त्याचा हात तिच्या खांद्यावरून हलला नाही.

दुपारी साइटकडून सूचना आली. एकाच घरातून तीन खाती चालताना दिसतात. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा, नाहीतर तिन्ही बंद होतील. दोघांनी आपापले चेहरे दाखवले. तिसरी चौकट रिकामी राहिली.

"काढून टाक ते," गोपाल म्हणाला.

"तू काढ."

त्याने माउसवर हात ठेवला आणि उचलून घेतला.

"एकदा मातीत देली तिले," वर्षाली म्हणाली. "आता पुन्हा माह्या हातानं?"

मग तिने पूर्णाला आलेला निरोप उघडला. चिखलदऱ्याकडच्या शाळांसाठी ऐकायचे धडे बनवणाऱ्या चंदा नावाच्या बाईंनी लिहिलं होतं, "आवाज फार गोड आहे. फक्त मागे कोणीतरी बाई रडते आहे, तेवढं काढून द्याल का?"

सोबत ध्वनिफीत होती. इअरफोनचं एक टोक तिने कानात घातलं, दुसरं गोपालने.

छोटासा, किंचित जाड आवाज. अक्षरावर बोट ठेवून वाचल्यासारखा. "अस्वलाला मध आवडतो. अस्वल झाडावर चढतं."

त्याच्या मागे पंख्याची घरघर. स्टीलचा ट्रे ठेवल्याचा आवाज. आणि रडणं.

"सिस्टर, एकदा दाखवा ना मले. एकदाच दाखवा."

वर्षालीने स्वतःचा आवाज ओळखला. त्या दिवशी दवाखान्यातल्या त्या खोलीत कुणी काही रेकॉर्ड केलं नव्हतं. आणि तिला बाळ कुणी दाखवलं नव्हतं.

वाचणारा आवाज थांबला. मागे वळून बघितल्यासारखा.

मग तेच वाक्य त्याने पुन्हा वाचलं, मोठ्याने. रडणं झाकलं जाईल इतक्या मोठ्याने.

गोपालने कानातलं काढलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वर्षालीने शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर ऊन उतरलं होतं. तिने डोळे पुसले नाहीत, तशीच टाइप करू लागली, "पूर्णाला सांग, खातं राहू दे. आमची गेली तरी चालतील."

उत्तर लगेच आलं.

"पूर्णाने आत्ताच आपलं खातं काढून घेतलं. तुमची दोन्ही सुरू राहतील."

खाली कारणाची चौकट होती. तिच्यात लहान मुलं लिहितात तसा उकार ऱ्हस्व काढून लिहिलेलं होतं:

"आई रडुन राहिली."