भिंतीवरचा प्लास्टिकचा तुकडा

ताईचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. मुलीच्या खोलीत पुन्हा काळं आलंय, जरा येऊन जा म्हणाली. भिंतींची ओल काढणं हा माझा धंदा, त्यामुळे नातेवाइकांना माझी आठवण बुरशी आली की मगच होते. कुरकुरत निघालो.

भाचीला पाहिलं आणि कुरकुर जिरली. सहा वर्षांची पोर खोकून खोकून अर्धी झाली होती. आधी त्या खोलीची ओल घालवा, नाहीतर औषधांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी ताईला बजावलं होतं. भाची मात्र खिडकीच्या गार काचेवर हाः करून वाफ सोडत होती आणि त्यात बोटाने मांजर काढत होती.

"मामा, मिशा तू काढ."

मी काढल्या.

पलंग भिंतीला खेटून होता. उशीच्या जरा वर, बरोबर तिच्या तोंडापाशी, काळा गोल डाग होता. कुबट वास तर होताच, पण त्यात आणखी काहीतरी होतं. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा वास. ताईने तो डाग दोनदा खरवडून वर रंग दिला होता.

"मागून नळ वगैरे गेलाय का?"

"काहीच नाही रे. पलीकडे मोकळी हवा."

आमच्या धंद्यात एक साधी परीक्षा असते. डागावर प्लास्टिकचा तुकडा लावायचा आणि चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या. दव वरून धरलं तर खोली दमट, आतून धरलं तर पाणी भिंतीतलं. मी तुकडा लावला, नख फिरवून फिरवून एकही फट ठेवली नाही. ताई पलंग हलवत होती, तर मीच अडवलं. रोजच्यासारखीच झोपू दे तिला, म्हटलं, तरच खरं काय ते कळेल.

तीन-चार दिवसांनी दुपारी गेलो. ताईने दारातच माझा हात धरला.

"अरे, खोकला गेला! पार गेला! तुझ्या हाताला यश आहे बघ." तिचे डोळे भरून आले होते. मलाही अगदी भरून आलं.

भाची खिडकीशीच होती. "मामा, काच बिघडली. मांजर येतच नाही."

गाल फुगवून तिने हाः केलं. काच कोरडी. शेजारी उभा राहून मी केलं, तर माझी वाफ चांगली उमटली.

"पुन्हा कर बघू..."

तिने पुन्हा केलं. तेवढ्यात मागे बारीकसा चुरचुर आवाज झाला म्हणून मी वळलो. पलंगाशी, प्लास्टिकच्या आतल्या बाजूने, पांढरी वाफ पसरत होती. तिने श्वास आत घेतला, तसा तो तुकडा भिंतीकडे ओढला गेला. सोडला, तसा फुगला.

हे आधी काढून टाकलं पाहिजे, एवढंच सुचलं. पट्टीचं टोक नखाने उचललं. तांदळाएवढी फट पडली असेल नसेल... मागे भाचीचा श्वास अडकला. तोंड उघडं, हात गळ्याशी, ओठ निळे पडत चाललेले, आणि आवाज अजिबात नाही. मी अंगठ्याने ती फट दाबली. जीव खाऊन दाबली. प्लास्टिक फुगलं आणि ती धापा टाकत रडायला लागली.

"काय झालं रे?" स्वयंपाकघरातून ताई.

"काही नाही... पट्टी नीट लावतोय."

तो तुकडा कुणीही, कधीही काढायचा नाही, असं मी ताईला निक्षून सांगितलंय. मुलगी बरी झाली, आता तू म्हणशील तसं, म्हणाली. मी रोज जातो, वरून नवी पट्टी लावतो. एवढ्यात फार लळा लागला तुम्हाला, म्हणून दाजी चिडवतात. मी हसतो. काळं आता पट्टीच्या खाली शिरलंय, कडा हाताला ओल्या लागतात.

ओल्या भिंतीवर चिकटपट्टी फार दिवस धरत नाही. गिऱ्हाइकांना हे मी स्वतःच सांगत असतो.