पडद्याआड फुललेला जर्दाळू

मार्चच्या पहिल्या सकाळी काझानलाक गावातल्या गुलाबतेलाच्या कंपनीत जिन्यावरच दोघांची टक्कर झाली. झोर्नित्साच्या हातातली चीज भरलेली बानित्सा वाचली, पण समोरच्या तरुणाच्या खिशातले लाल-पांढरे दोरे पायऱ्यांवर सांडले.

"भरपाई म्हणून एक बांधून घ्या," तो म्हणाला. "मी यावोर. मेल सर्व्हर बदलायला आलोय."

"तो सर्व्हर मी सांभाळते," ती म्हणाली... हात मात्र मागे घेतला नाही. मग तिनेही त्याला एक बांधला. तिथल्या मार्चच्या रिवाजाप्रमाणे आता पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत दोरे सोडायचे नव्हते; दिसलं की सोडून झाडाला बांधायचे.

वाद त्याच दुपारी सुरू झाला. सर्व्हरवरच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दुरुस्त्या एप्रिलअखेर बंद होणार होत्या, आणि मे महिन्यात गुलाबांची तोडणी. साऱ्या ऑर्डरी मेलवरच यायच्या. झोर्नित्साला गेल्या वर्षीची आवृत्ती हवी होती, लोकांनी वापरून पारखलेली, आणखी चार वर्षं दुरुस्त्या मिळणारी. यावोर नव्याकोऱ्या आवृत्तीवर अडून बसला.

"नऊ महिन्यांत बनवणारेच तिला वाऱ्यावर सोडतील," झोर्नित्सा म्हणाली. "तेव्हा तुम्ही कुठे असाल?"

"वार्नाला... दुसरं काम आहे."

तिला उगाच वाईट वाटलं. नंतर कळलं, उगाच नव्हे.

मार्च सरत आला तशी ती कंपनीतल्या आपल्या खोलीचा पडदा लावून ठेवू लागली. घरून येताना मान खाली घालून चालायची. यावोरही एका सकाळी कपाळावर टेंगूळ घेऊन आला, पण कशाचं ते सांगेना.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी मालकीणबाईंनी संध्याकाळपर्यंत निर्णय मागितला. यावोरने मुकाट्याने तिचीच आवृत्ती बसवली.

"महिनाभर भांडलात, आणि आता?" झोर्नित्साने विचारलं.

"पटलं तर पहिल्याच दिवशी होतं. पण तसं म्हटलं असतं, तर आठवड्यात काम संपलं असतं." तो खिडकीकडे वळला. "पडदा का लावता सारखा?"

"ऊन येतं."

"उत्तरेच्या खिडकीतून?"

तिचे कान तापले. "बाहेर जर्दाळू आहे... फुललेला दिसला तर दोरा सोडावा लागेल. मला तो सोडायचा नाहीये."

यावोरने बाही वर केली. दोरा तिथेच होता, मळून गुलाबी झालेला. "मीही खाली बघूनच चालतो. म्हणून तर खांबावर आपटलो."

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. "आणि वार्ना?"

"नाही म्हणून कळवलं. मालकीणबाईंना विचारलंय, चार वर्षं दुरुस्त्या लावायला माणूस लागेल ना?"

"चारच वर्षं?"

"त्यानंतर आवृत्ती बदलावीच लागते, झोर्नित्सा. माणूस नको बदलूस."

तिने पडदा बाजूला सारला. जर्दाळूची अर्धी फुलं केव्हाच गळून गेली होती. दोघं खाली गेली, आणि उरलेल्या फुलांमध्ये एकाच फांदीला तिने त्याचा दोरा बांधला, त्याने तिचा.