पिसाळांच्या पागेची विहीर

मंजिरीला मुलगी झाली तेव्हा २०२२ साल सरायला पंधरा दिवस उरले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी ग्वाल्हेरला. पेढे वाटून झाले, पाचवी झाली, बारसं झालं. मग एका सकाळी घरातलं सर्वांत वडील माणूस, मंजिरीचे आजोबा तात्यासाहेब पिसाळ, खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "सव्वा महिना झाला की पोरीला विहिरीवर न्यायचं. आपल्या विहिरीवर."

बाळंतिणीनं सव्वा महिन्यानं विहिरीची पूजा करायची, पहिला घडा भरून घरी आणायचा, ही रीत इकडची. घोड्यांच्या पागेबरोबर दख्खनेतून आलेल्या पिसाळांनी ती शेजाऱ्यांकडून घेतली आणि आपलीशी केली. फक्त मुलगा झाला तरच ढोल वाजायचे. मुलीच्या वेळी बाळंतीण घरातच राहायची.

"माझ्या वेळी ढोल वाजले," तात्या म्हणाले. "माझ्या थोरल्या बहिणीच्या, शांताताईच्या वेळी नाही. आणि त्या विहिरीचं पाणी वाहिलं कोणी? आईनं आणि शांताताईनं. मी कधी घागर उचलली नाही. डोळे मिटायच्या आत एवढं मला फेडायचंय."

पण ती विहीर होती कुठं? पागेची गल्ली सोडली तेव्हा तात्या पाच वर्षांचे होते. आता एक्याण्णवचे. तिथं घोडे गेले, घरं आली; घरं गेली, दुकानं आली. विहीर कधीच बुजली किंवा झाकली गेली. 'देवळाजवळ' एवढंच त्यांना आठवत होतं, आणि देवळं गल्लीच्या दोन्ही टोकांना होती. मंजिरीच्या सासरहून निरोप आला की आजकाल लोक हँडपंपाचीही पूजा करतात. तात्यांनी तो निरोप ऐकला आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

यातलं काहीच ठाऊक नसलेली एक मुलगी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाटणकर बाजारामागच्या त्याच गल्लीत हातात टेप घेऊन उभी होती. धुकं असं की पुढचा खांबही दिसू नये. अवंतिका मुळ्ये तिचं नाव. शिकली भोपाळला, घर ग्वाल्हेरातच, मोरारला. ही गल्ली ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली, आणि लष्कर म्हणजे मुळात तंबूंची छावणी. छावणीचं गाव कसं झालं, हे जुने नकाशे आणि आजची जमीन ताडून बघायचं काम तिला मिळालं होतं. मदतनीस थंडीनं आला नव्हता. एवढ्यात शेजारच्या दुकानाचं शटर कुणीतरी उचललं.

"भैया, ज़रा ये पकड़ेंगे? बस, इसी पत्थर पे. हिलना मत!"

टेपचं टोक त्याच्या हातात देऊन ती धुक्यात शिरली. पलीकडच्या टोकाला देवळाचे पुजारी भेटले. ते जुन्या गोष्टी सांगू लागले, ही लिहून घेऊ लागली, चहा आला... वीस मिनिटांनी हातातला टेप हळूच दोनदा ओढला गेला.

"अगं बाई!" म्हणत ती धावत आली. तो तसाच उकिडवा बसला होता, टोक दगडावर दाबून. शेजारी एक गिऱ्हाईक मोडका चष्मा घेऊन ताटकळत होतं.

"मॅडम, अब हिल सकते हैं?"

"सॉरी, सॉरी... मी विसरलेच हो!"

"अरे, मराठी! मग आधी सांगायचं ना. मराठीत सांगितलं असतं तर थंडी जरा कम लागली असती."

तिला हसू आवरेना. त्यालाही. अभिराम पिसाळ. चष्म्याचं दुकान त्याचंच.

"मोजत काय होतात?"

"गल्ली."

"गल्ली इथंच आहे की. कुठं भाग जाते?"

"जाते. दीडशे वर्षांत बावीस पावलं सरकलीय."

तो हसायचा थांबला. चष्म्याच्या काड्या जुळवता जुळवता त्यानं विचारलं, "मग... विहीर पण सरकते का?"

असा त्याच्या आजोबांचा, त्याची बहीण मंजिरीचा आणि सव्वा महिन्याचा सगळा किस्सा तिला कळला. तिच्याकडं कापडावर चिकटवलेला एक नकाशा होता. पागा वसली त्या काळातला, हातानं काढलेला. त्यावर गल्ली होती, दोन देवळं होती आणि वरच्या देवळाशेजारी, डाव्या हाताला, निळा गोल होता. विहीर! अभिरामनं तो गोल पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. हे अवंतिकेनं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग रोज दुपारी चष्म्याच्या दुकानात नकाशे पसरू लागले. खाली आजचा, उपग्रहावरून घेतलेला. त्यावर तलम कागदावर उतरवलेला संस्थानी काळातला. त्यावर तो कापडी. अवंतिका काचेवर वाकून रेघा जुळवायची आणि अभिराम गिऱ्हाइकांना "पाच मिनट रुकिए" सांगून तिला जुळवताना बघायचा.

"तुमच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय," एकदा तो म्हणाला.

"तपासल्याशिवाय कसं कळलं?"

"नकाशा बघताना डावा बारीक करता."

"एवढं बघत असता वाटतं?"

"धंदा आहे आमचा... डोळे बघणं."

"सगळ्या गिऱ्हाइकांचे?"

"नाही," म्हणाला, आणि उगाच काच पुसू लागला.

रेघा तशा जुळल्या. फक्त गल्लीच्या एका वाकड्या कोपऱ्याचा मेळ बसेना. जुन्या काळचा मोजणारा चुकला असेल, असं अवंतिकेनं ठरवलं. नकाशाप्रमाणं विहीर यायची उत्तरेकडच्या देवळाशेजारी, विश्वासराव शिंप्यांच्या दुकानाखाली. विश्वासराव भला माणूस. तात्यासाहेबांचं नाव ऐकून त्यांनी शिलाईची मशिनं बाहेर काढली आणि फरशी उकरू दिली.

दोन दिवस खोदलं. कमरेइतक्या खोलीवर अस्सल कातळ लागला. कुदळीचा मार कधी न पाहिलेला, अंगचा दगड. तिथं विहीर आज नव्हती आणि पूर्वीही नव्हती.

"असू दे बेटा," विश्वासराव म्हणाले. "फरशी तशी बदलायचीच होती."

त्या चांगुलपणानं तिला जास्तच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं. अभिरामनं शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः खड्डा बुजवला, रात्रीपर्यंत मिस्त्रीबरोबर राबून फरशी बसवून दिली. तिला एका शब्दानं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर कागदाचा पुडा ठेवला, त्यात गरम गजक होती.

"खा. रडू येत असलं की तिळाचं खावं."

"हे कोणी सांगितलं?"

"आत्ताच सुचलं."

"पाच दिवस राहिलेत, अभिराम. आणि माझी चूक कुठं झाली, तेच मला कळत नाही. तात्यांना मीच सांगते. तुम्ही नका सांगू."

"चला मग. पण एकटं नाही जायचं. मी आहे."

तात्यासाहेबांची खोली उन्हाच्या बाजूला होती. मंजिरी बाळाला पायावर घेऊन तेल चोळत होती. अवंतिकेनं वाकून नमस्कार केला.

"कोणाची गं तू?"

"मुळ्यांची. आमचे खापरपणजोबा दफ्तरात होते."

"म्हणजे तुम्ही लिहायचे आणि आम्ही घोडे धुवायचे! बस. लिहिणाऱ्यांची मला भीती वाटते. मी अक्षर शिकलो ते लग्नानंतर, बायकोकडून."

"मला नका भिऊ, तात्या. मी चुकलेय." आणि तिनं सगळं सांगितलं. कुठं खोदलं, काय लागलं. कापडी नकाशा त्यांच्या खाटेवर पसरला. दिशा बघून नीट पसरला, कामाची सवयच तशी. तात्यांना धूसर दिसायचं. त्यांनी बोटांनी कापड चाचपलं.

"याचं डोकं कुठलं?"

"हे. उत्तरेला."

"राम राम!" तात्यांनी हात मागं घेतला. "पोरी, उत्तरेला डोकं करून माणसाला एकदाच ठेवतात, शेवटचं. आमच्याकडं खाट दक्षिणेला डोकं करून. पाळणा तसाच. देवघरातला बाळकृष्णही तसाच निजवायचा. नवी वस्ती बसवायची, आणि तिच्या कागदाचं डोकं उत्तरेला? दख्खनी माणूस हात तोडून घेईल, पण असं काढायचा नाही."

अवंतिका हसली. म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं म्हणून हसली. मग तिचं हसू ओठांवरच राहिलं.

नकाशात वर म्हणजे उत्तर. हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि म्हणूनच पुढं कोणी तपासत नाही. या कापडावर दिशेची खूण नव्हतीच. ती तिनं आपल्या मनानं घातली होती. तिनं कापड उचललं आणि पुरतं फिरवून ठेवलं. पिशवीतला तलम कागद वर धरला. तो वाकडा कोपरा... मोजणाऱ्याची चूक म्हणून जो तिनं सोडून दिला होता... तो तलम कागदावरच्या गल्लीच्या कोपऱ्यावर असा बसला, जसं बाळ आईच्या कुशीत बसतं.

"अभिराम... विहीर दक्षिणेच्या देवळाशी आहे. पूर्वेच्या अंगाला!"

"तिथं तर गरिमा भाभींचा गजकवाला आँगन आहे!"

दोघं पायांत चपला अडकवून धावलेच. मागून मंजिरीचा आवाज आला, "अरे, हळू! कानटोपी तरी घाल!"

गरिमा भाभींच्या अंगणात तिळगुळाचा लगदा एका मोठ्या शिळेवर ठेवून लाकडी मोगऱ्यांनी कुटत होते. अवंतिकेनं विचारलं, ही शिळा कधीपासून आहे?

"हमारी सास के भी पहले से," भाभी म्हणाल्या. "इसी पे गजक अच्छी कुटती है. बाक़ी पत्थर पे ठक-ठक, इस पे गूँज आती है."

गूँज, म्हणजे खाली पोकळ! अभिराम माणसं बोलवायला धावला.

सहा माणसांनी पहारीनं शिळा सरकवली. खालून गार, ओला, जुना वास वर आला. अभिरामनं खडा टाकला. सगळे श्वास धरून... आणि खोल कुठंतरी 'डुब्' झालं. भाभींनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. तेवढ्यात मावठ्याचे, म्हणजे हिवाळी पावसाचे, चार थेंब पडले. अवंतिकेच्या चष्म्यावर पडले, आणि तिनं तो काढायच्या आत अभिरामनं काढला, आपल्या रुमालानं पुसला, पुन्हा तिच्या कानांवर अलगद बसवला. बोटं जराशी रेंगाळली.

"थँक्यू," ती म्हणाली.

"तुम्ही मला थँक्यू म्हणताय? घरी सगळ्यांनी मिळून तुमचे पाय धरायला हवेत."

"पाय नकोत..." ती म्हणाली, आणि पुढचं तिला जमेना. "पूजा झाली की दुसऱ्या दिवशी मी भोपाळला जाणार. अहवाल द्यायचाय. तिथंच नोकरीचंही विचारतायत."

"मग?"

"मग काही नाही. कोणी थांब म्हटलं नाही, तर माणूस जातो."

तो काहीतरी बोलणार होता. पण भाभींनी दोघांच्या हातांत गजक कोंबली.

सव्वा महिन्याच्या दिवशी ढोल वाजले. तात्यासाहेबांना खुर्चीत बसवून आणलं होतं. मंजिरीनं विहिरीच्या काठाला हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, बाळाला विहिरीचं पाणी दाखवलं. तात्यांनी वाकून ओल्या दगडावर कपाळ टेकलं. "आई, शांताताई... उशीर झाला," म्हणाले.

मग घडा भरला. पिसाळांच्या घरी रीत अशी की बाळंतिणीच्या डोक्यावरचा भरला घडा विहिरीपाशीच घरच्या बाईनं उतरवून घ्यायचा आणि मग घरी न्यायचा. मंजिरी सगळ्या काकू-माम्यांसमोरून चालत आली आणि थेट अवंतिकेपुढं उभी राहिली.

"उतरव."

"ताई, मी कशी? मी घरची नाही..."

"मग हो की!" खुर्चीतून तात्या गरजले.

ढोलवाले थांबले. अभिरामचा चेहरा कानांपर्यंत लाल. "तात्या, मी आजच विचारणार होतो... संध्याकाळी..."

"संध्याकाळी! पोरगी उद्या गाडीत बसेल, तेव्हा स्टेशनावर हात हलवत विचारशील. मी एक्याण्णवचा आहे रे गाढवा, माझ्या हिशेबानं चाल! विचार आत्ता."

अभिरामनं एकदा विहिरीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. दहा दिवस जमवून ठेवलेली वाक्यं कुठं गेली कोण जाणे. "अवंतिका," तो म्हणाला, पहिल्यांदाच नुसतं नावानं, "नको जाऊस... म्हणजे जा, अहवाल देऊन ये. पण परत ये. इथं. माझ्याकडं."

मंजिरी डोक्यावर भरला घडा घेऊन उभी होती. "लवकर बोल गं, मान अवघडली माझी!"

अवंतिकेला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं दोन्ही हात वर केले, घडा सांभाळून उचलला आणि एक थेंबही सांडू न देता खाली ठेवला.

अहवाल भोपाळला गेला. त्यात तिनं आपली चूक लिहिली, आणि ती कोणी दुरुस्त केली हेही नावानिशी लिहिलं. त्याच वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर ग्वाल्हेरलाच तिचं आणि अभिरामचं लग्न झालं. तात्यासाहेबांनी खुर्चीतूनच, पण स्वतःच्या हातानं अक्षता टाकल्या.

तात्यासाहेब पिसाळ २९ मार्च २०२४ला, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी राहत्या घरी वारले. तेव्हा ते ब्याण्णव वर्षांचे होते.