गुडघ्याची साक्ष

अपील मंडळाच्या दालनात पूर्वी जुन्या कागदांचा वास यायचा. आता तिथे कसलाच वास येत नव्हता. भिंतीलगत सहा ठेंगण्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक म्हातारा फौजी आणि प्रत्येकाच्या उघड्या गुडघ्यावर गुंडाळलेली करड्या रंगाची मऊ पट्टी. पट्टी बारीक गुणगुणत राहायची. सात मिनिटं. जे अपील एके काळी माणसाची तिरडी उठल्यावर निकाली निघायचं, ते आता चहा निवायच्या आत निघत होतं.

हवालदार आनंदराव इंगवले बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होते. अपंगत्व पेन्शनचा त्यांचा पहिला दावा दोन ओळींत फेटाळला गेला होता. ‘संधिवात वयोमानानुसार. सेवेशी संबंध नाही.’ त्या दोन ओळी त्यांना पाठ होत्या. सोळा हजार फुटांवर रॉकेलचे डबे पाठीवर घेऊन बर्फातून चढले, मशिनगन खांद्यावर घेऊन उतरले, आणि गुडघे सुजले तर ओव्याचं तेल चोळून गप्प राहिले. आजारी म्हणून नाव लावलं की वैद्यकीय श्रेणी उतरायची, बढती जायची. म्हणून चोवीस वर्षांत गुडघ्याची एकही नोंद नव्हती.

शेजारी त्यांच्याच पलटणीतले सुभेदार केंजळे बसले होते. अपिलाचा अर्ज त्यांनीच भरला होता आणि ‘थरवाचक तपासणी मान्य’ या ओळीपुढे आनंदरावांची सही घेतली होती.

“गायीच्या शिंगावर वेतागणिक वळं पडत्यात का न्हाई?” केंजळे म्हणाले. “तसंच हे. दोन हाडांच्या मधी कूर्चेची गादी असती. तिच्यात वर्साला एक थर. ज्या वर्साला वझं जास्त, त्यो थर दबल्याला. ही पट्टी आवाज सोडून थर मोजती. आनंदराव, तोंड खोटं बोलंल, फाईल तर बोलतीच. गुडघा न्हाई बोलत.”

“तुमचा बोलला का?”

“माझा बोलला की. शंभरात साठ टक्के म्हणाला. बायको म्हणली, तुमच्यापरीस गुडघा बरा, इचारल्यावर उत्तर तरी देतो.”

आनंदराव हसले. तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरची पट्टी थांबली आणि भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर शेटे यांनी ती मोठ्यानं वाचली.

“पहिल्या थरावरून जन्माचा काळ. नोंदीशी चार महिन्यांचा फरक. ग्राह्य. आता भार बघू.”

आनंदरावांचं हसू तोंडावरच राहिलं.

“सुभेदारसाहेब, हे जन्मापासून मोजतं?”

“मग? शेंडीपासून मोजल्याबिगर बुडका कसा कळंल?”

आनंदरावांना वाटलं होतं, यंत्र फक्त ओझं बघतं.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी भरतीच्या महिनाभर आधी त्यांच्या घरात एक अठरा वर्षांचा मुलगा काविळीनं आठ दिवसांत गेला. आनंदा. दहावी पास, भरतीची तयारी झालेला. बाप गुरांच्या बाजारात दलाली करायचा. दहाव्याच्या दिवशी त्यानं आनंदाचा शाळेचा दाखला हातात घेऊन धाकट्याकडे बघितलं. धाकटा दगडू, पंधरा वर्षांचा, पण उंचापुरा. अक्षरओळख जेमतेम. “येवढा कागद वाया कशाला घालवायचा,” बाप म्हणाला. ग्रामपंचायतीत मयत म्हणून दगडूचं नाव लागलं आणि दगडू आनंदा होऊन भरतीला गेला. भावकीनं ओठ शिवले. बापाला एकच भीती होती, की भरतीचा डॉक्टर बैलासारखे दात बघेल. डॉक्टरनं दात बघितले, हसला आणि पाठीवर थाप मारली. दगडू लिहायला-वाचायला शिकला तो पलटणीत, आणि पहिला शब्द लिहिला तो भावाचं नाव.

ज्यांना हे ठाऊक होतं ते सगळे आता मातीत गेले होते. बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. ओंकार, त्यांचा मुलगा, सैनिकाचा मुलगा म्हणून त्याच पलटणीत भरती झाला होता. बापाची नोंद खोटी ठरली, तर त्याची भरतीही अडचणीत येणार होती.

“अर्ज मागं घिऊ,” ते हळूच म्हणाले.

“काय झालं?”

“नको वाटतंय.”

“तीन वर्सं झगडलो आन आता नको? सुईला भ्यायला तुमी काय बाळंतीण हाय? सुई न्हाई त्यात.”

“इंगवले काका, या,” शेटेबाईंनी हाक मारली. केंजळ्यांनी काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि ठेंगण्या खुर्चीत बसवलं.

“बाई, मला अर्ज मागं घ्यायचाय.”

“पट्टी लावायच्या आधी घेता येतो. समोरच्या टेबलावर जाऊन सही करा.”

टेबल दहा पावलांवर होतं. आनंदरावांनी दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. गुडघे वाळल्या चामड्यासारखे करकरले. अर्ध्यावर उठून ते परत खाली आले. पुन्हा जोर लावला, पुन्हा खाली.

“बघा, ह्येला म्हणत्यात वयोमानानुसार,” केंजळे बाईंना म्हणाले. “लावा पट्टी. घाबरल्यात ते. मी सांगतो ना.”

बाईंनी आनंदरावांकडे बघितलं. आनंदराव पुन्हा हात टेकून उठायला बघेपर्यंत करडी पट्टी गुडघ्याला बिलगली होती.

सात मिनिटं पट्टी गुणगुणली. मग पडदा उजळला. बाई वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला.

“झीज सेवेमुळेच. शंकाच नाही. सुरुवात सेवेच्या पहिल्याच वर्षी. कच्च्या कूर्चेवर अतिभार.” त्या थांबल्या. “कच्च्या? अठराव्या वर्षी असं दिसत नाही. हे पंधरा-सोळाचं पोर आहे, काका. त्या थराला वाढीचं हाड अजून मिटलेलंच नाही.”

केंजळे टाळी वाजवायला उचललेले हात तसेच धरून राहिले.

पडद्यावर खाली आपोआप आणखी एक ओळ आली. संबंधित नोंद: नायक ओंकार आनंदराव इंगवले. नावापुढे लहानसा लाल ठिपका लुकलुकत होता.

बाईंनी खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे तर आनंदरावांना जास्तच भीती वाटली.

“गुडघा जिंकला तुमचा,” त्या म्हणाल्या. “फक्त आता मला तो कुणाच्या नावावर लिहायचा ते कळत नाहीये.”

त्यांची बोटं कळफलकावर थांबली.

“काका, तुमचं नाव परत एकदा सांगता?”