कच्चा टाका

"साहेब, ते तापलंय—"

जयमाला बोलेपर्यंत अमृतनं सोल्डरिंगची सळई उचललीसुद्धा, तीही टोकाकडून. नागापूर एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी काम करणारी रंगुबाई तोंडाला पदर लावून हसली. जयमालानं आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्या भाजल्या बोटावर ओतलं. उरलेलं त्यानं पिऊन टाकलं. तांब्या कुणाचा, आडनाव काय... काही विचारलं नाही. तिनं ते मनात ठेवलं.

"पुण्याचे का?"

"कर्जतचा. पोटासाठी पुण्यात."

अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायचं नाकारलं, म्हणून पुण्यात आपलाच बांधायचं चाललं होतं. शेकडो लहान कॉम्प्युटर जोडून एक मोठा. त्यातले काही बोर्ड या शेडमधल्या बाया जोडत, अमृत ते तपासायचा. सगळे पास झाले की त्याचं येणं संपणार.

म्हणून—

एका बोर्डावर तिनं सोल्डरिंगचा एक टाका कच्चा ठेवला. उजव्या कोपऱ्यात. मुद्दाम.

दुसरी फेरी. नापास.

"जयमालाबाई, हा टाका..."

"करून ठेवते. पुढच्या आठवड्यात या."

"आत्ता होईल की."

"आत्ता न्हाई व्हायचं. लई काम हाय."

पत्र्यावर भुरभुर पाऊस. जायला उठलेला तो बराच वेळ दारातच उभा.

तिसरी फेरी. नापास.

"तुमचा हात त्याच कोपऱ्यात कसा अडखळतो?"

"तुमची नजर तिथंच कशी जाती?"

रंगुबाई उगाच खोकली.

चौथी फेरी. पास.

टाका कच्चाच होता. तो पकडेल, याची तिला खात्री होती. पण त्या दिवशी तो नुसता बोलत राहिला, तिच्याकडे बघत राहिला, आणि जाताना सगळ्या बोर्डांवर शिक्के मारले. साहेब, कोपरा...! ओठांवर आलं होतं. पण शेडचे मालक काकासाहेब शेजारी उभे होते.

पुण्यात, दिल्लीच्या पाहुण्यांसमोर, मशीन मधेच थांबलं. एक बोर्ड उत्तर देईना, आणि बाकीचे शेकडो त्याची वाट बघत बसले.

शेडचं काम गेलं. सगळ्या बाया घरी.

शेवटची फेरी.

उरलेले बोर्ड न्यायला अमृत आला. जयमाला खाली बघत म्हणाली,

"तो टाका मी मुद्दाम कच्चा ठिवला हुता."

"दुसऱ्या फेरीलाच कळलं होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"मलाही यायचं होतं."

"आन् चौथ्या फेरीला?"

"बोर्ड बघितलेच नाहीत. तुम्हाला बघत होतो."

तिनं शेवटचा बोर्ड खोक्यात ठेवला.

"चूक माझी, असं मी पुण्यात सांगितलंय. हे सामान पोचवलं की नोकरी संपली. गावी जाणार... याल माझ्याबरोबर?"

पलीकडे रंगुबाई आपला डबा, चष्मा, बसायचं पोतं पिशवीत भरत होती. या पगारावर तिच्या घरात पाच माणसं जेवायची.

"तिची चूल मी विझवली," जयमाला म्हणाली. "आपली कुठल्या तोंडानं पेटवू?"

तो खोकं उचलायला वाकला. जड होतं. दुसऱ्या बाजूनं तिनं हात लावला. दोघांनी मिळून ते टेम्पोत ठेवलं. ठेवल्यावरही हात कुणी काढला नाही...

मागं काकासाहेबांनी शटर ओढलं.