देवीच्या दिव्याची तार

"लावा जोर! अजून! अजून!"

काकासाहेबांची जीप आज पुन्हा ढकलावी लागली. मागून शामकांत, त्याची बहीण इंदू आणि जीपच्या ड्रायव्हरची मुलगी चांगुणा जीव खाऊन रेटत होती. शामकांत आणि इंदू नगरची. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सोनईला मामाकडे आली होती; काकासाहेब मामाचे शेजारी.

धडधडत जीप सुरू झाली, पण काकासाहेबांचा पारा चढला.

"गहिनीनाथ, महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी उतरली! रात्री गाडीचे दिवे लावून पत्ते कुटतोस का रं?"

"मालक, देवीची आन! मी पत्त्याला हात लावत न्हाई."

"परवा सकाळी नगरला निघायचंय. तवा सुरू झाली न्हाई, तर दुसरा ड्रायव्हर बघतो! आन् तोवर बॉनेटला हात लावू नकोस!"

चांगुणाचे डोळे भरून आले. "माझे बाबा खोटं बोलत न्हाईत."

"मग बॅटरीचा खरा चोर आपण शोधू!" इंदू म्हणाली.

दुपारी शिवाराला चक्कर मारून आलेली जीप चिंचेखाली उभी होती. शेजारी बाजेवर काकासाहेब आडवे झाले होते.

"काकासाहेब, गाडी पुसून देऊ?" इंदूने विचारलं.

"पुसा, पुसा. पन गोंगाट नको!" आणि ते घोरू लागले.

चांगुणाने फडक्यातून बाबांचा टेस्टिंगचा दिवा काढला. छोटा बल्ब आणि त्याला दोन तारा. तिने हळूच बॉनेट उघडलं.

"शॉक बसेल!" शामकांत मागे सरकला.

"बारा व्होल्टला भितोस? वा रे नगरचे पैलवान!"

किल्ली बंद असल्याची खात्री करून चांगुणाने बॅटरीची एक जाड तार सोडवली. ती तार आणि बॅटरी यांच्यामध्ये टेस्टिंगचा दिवा जोडला. "गाडीतलं सगळं बंद हाय. म्हंजे ह्यो पेटायला नको. पेटला, तर कुनीतरी वीज पितंय."

दिवा मिणमिणला!

"पितंय! कोण पितंय?" शामकांतची भीती पळाली. चोर कुठल्या वाटेवर आहे ते बघायला त्याने हेडलाईटचा फ्यूज काढला. दिवा पेटलेलाच. हॉर्नचा काढला. तरी पेटलेलाच!

"संपले फ्यूज! बॅटरीच नासकी दिसते."

"थांब." चांगुणा वाकली. बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक लाल तार होती. नवी कोरी. "ही बाबांच्या हातची न्हाई. ते जोडावर टेप गुंडाळतात. इथं नुसता पीळ दिलाय!"

ती तार आत जात होती, ड्रायव्हरसमोरच्या फळीवर लावलेल्या मोहट्याच्या देवीच्या तसबिरीमागे. शामकांतने झेंडूची वाळलेली माळ उचलली. खाली इवलासा लाल बल्ब जळत होता!

"दिवसा माळेखाली, रात्री ताडपत्रीखाली! दिसणार कुणाला?" इंदू म्हणाली.

चांगुणाने तार काढली. टेस्टिंगचा दिवा विझला. लावली. पेटला!

"देवीला हात कोन लावतंय?" काकासाहेब उठून उभे होते! "गहिनीनाथ लग्नाला गेल्ता, तवा मीच नगरला बसवून घेतलाय त्यो दिवा. डायरेक्ट बॅटरीवर! देवीपुढचा दिवा विझता कामा नये!"

शामकांत गाडीमागे लपला. चांगुणा मात्र हलली नाही.

"काकासाहेब, देवळातल्या नंदादीपाला पुजारी तेल घालतो. ह्या दिव्याचं तेल म्हंजे बॅटरी. गाडी पळाली की ती भरते. दोन-तीन दिवस उभी राहिली, की हा दिवा सगळी पिऊन टाकतो!"

काकासाहेब मिशीवरून हात फिरवत राहिले.

"आणि देवळात शेजारती झाली की देवीला निजू देतात ना?" इंदू म्हणाली. "मग गाडी निजल्यावर इथली देवी का जागी?"

काकासाहेब खो खो हसले. "बोलवा गहिनीनाथला!"

गहिनीनाथने लाल तार बॅटरीवरून काढून किल्लीच्या तारेला जोडली, म्हणजे किल्ली बंद की दिवाही बंद. वर टेप गुंडाळली. बॅटरी चार्ज करून आणली. पुढचा सगळा दिवस जीप ताडपत्रीखाली उभी राहिली.

परवाची सकाळ उजाडली. मुलंही नगरला निघाली होती; ती जीपमध्ये मागे बसली. गहिनीनाथने किल्ली फिरवली. देवीपुढे लाल दिवा पेटला. त्याने स्टार्टर दाबला आणि पहिल्याच दणक्यात इंजिन धडधडलं!

"काकडआरती झाली!" इंदू ओरडली.

"गहिनीनाथ," काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी हुती. तुझ्यावर उगाच आळ घेतला. पोरांनो, शाब्बास! अन् चांगुणा, तू मागं काय बसतीस? पुढं ये, देवीजवळ!"

चांगुणा पुढे बसली. गहिनीनाथने खिशातून टेस्टिंगचा दिवा काढला आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

"ह्यो आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. पुढं लागला, तर मी मागून घेईन."